वजनाची जागा कोरी असेल तर?

चि. सुमेध,


काल वहिनीचा फोन आला. ती तुझं कौतुक सांगत होती आणि माझा जीव उडाला. हॉस्पिटलच्या सिस्टीममधला डोस काढणारा जुना भाग काढून तू तयार लायब्ररी बसवतोयस, शनिवारी रात्री लाइव्ह. ‘फंक्शनची नावं तीच आहेत, टेस्ट सगळ्या पास झाल्यात,’ असं म्हणालास म्हणे. अरे, पेशंटच्या वजनाची जागा कोरी असेल तर ही लायब्ररी काय करते? जुना भाग तिथे अडून बसतो म्हणून दिवाळीत तूच कुरकुरत होतास. नवीन लायब्ररी न अडता काहीतरी आकडा धरून पुढे जात असेल तर?

तयार भाग वापरू नकोस असं मी म्हणत नाही. पण तो आधी जिथे नांदला तिथली गृहीतं सोबत घेऊन येतो. ४ जून १९९६ ला कौरूहून एरियान ५ हे रॉकेट उडालं. त्याची दिशा आणि स्थिती सांगणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियान ४ मधून घेतलेलं, तिथे नीट चाललेलं. नव्या रॉकेटचा आडवा वेग फार लवकर वाढला. त्या वेगाशी जोडलेला एक आकडा १६ बिटांत, म्हणजे ३२,७६७ च्या आत, मावला नाही आणि यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेतही तेच सॉफ्टवेअर, तीही बंद पडली. चाळीसेक सेकंदांत चार क्लस्टर उपग्रहांसकट सगळं संपलं. आणि जो हिशेब अडला, त्याची एरियान ५ ला उड्डाणानंतर गरजच नव्हती! नव्या रॉकेटच्या मार्गाचे आकडे देऊन ती यंत्रणा आधी तपासलीच नव्हती, असं चौकशीत निघालं.

तुझ्या टेस्ट कुणाच्या आकड्यांवर पास झाल्या? त्यात कोऱ्या वजनाचा एक तरी पेशंट आहे का?

मी तुझ्या वयाची असताना आम्ही व्याजाचा एक कोबॉल प्रोग्राम बदलत होतो. तो लिहिणारे गृहस्थ शेजारच्याच खोलीत बसायचे. त्यातली एक विचित्र अट कशासाठी आहे, हे त्यांना विचारायला मला संकोच वाटला. महिन्याभरात ते निवृत्त झाले. ती अट अजून माझ्या डोक्यातून जात नाही. तुमचा जुना भाग ज्यांनी लिहिला त्यांना आजच फोन कर.

फार बोलले का रे? आईच्या शेवटच्या दुखण्यात ती पार वाळली होती आणि कागदावर आधीचंच वजन होतं. आम्ही सगळे गप्प. कॉलेजातलं पोर तू, नर्सबाईंना थांबवून विचारलंस, ‘हे वजन कधीचं आहे?’ दादा अजून सांगतो ते. म्हणून तर तुला एवढं हक्काने लिहितेय.

काही दिवस दोन्ही भाग शेजारी चालव. डोस जुन्याचाच जाऊ दे, नव्याचं उत्तर नुसतं नोंदवून ताडून बघ. साहेबांना सांगायला अवघड वाटत असेल तर आधी माझ्याशी बोल, काय म्हणायचं ते मिळून ठरवू. रात्री कितीही वाजता फोन लाव. आणि जेवून घेत जा, वहिनी म्हणाली तू वाळलायस.

तुझी,
नीलूआत्या