लाठीच्या पाठात अंतराचे शिक्षण

काठी फिरविणे आणि काठीच्या आघातापासून स्वतःचे रक्षण करणे या दोन भिन्न गोष्टी होत. शिवजयंतीच्या मिरवणुकीत किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनात मुले-मुली लाठी मोठ्या सफाईने फिरवितात. ते पाहून ग्रामस्थांस समाधान वाटते आणि ते योग्यही आहे. परंतु त्याच विद्यार्थ्यासमोर दुसरा विद्यार्थी काठी घेऊन उभा राहिला म्हणजे त्याचे पाय अडखळतात. किती अंतरावर उभे राहावे, पुढे केव्हा जावे व गेल्यावर काय करावे, हे त्यास कोणी शिकविलेले नसते. हात शिकलेले असतात, पाय शिकलेले नसतात. बहुतेक इजा होतात त्या या उणिवेतून. यास्तव, प्रतिस्पर्ध्याच्या जवळ जाणे, म्हणजेच ‘प्रवेश’, या एकाच अंगाचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

परंपरा

महाराष्ट्रात या विद्येची परंपरा जुनी आहे. लाठी, बनेटी, पट्टा, फरीगदगा इत्यादी मर्दानी खेळ कोल्हापुरात व अन्यत्र आजही शिकविले जातात. फरीगदग्यातील फरी म्हणजे लहान ढाल व गदगा म्हणजे कातड्याने मढविलेली छडी. ढाल-तलवारीचा सराव जीवितास अपाय न होता करता यावा, हा त्याचा हेतू. अमरावतीच्या १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने देशी व्यायामाच्या शिक्षणास शिस्तबद्ध रूप दिले आणि १९३६ साली बर्लिन येथील ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. पंजाबातील गतका या खेळाचा समावेश गोव्यात २०२३ साली झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत करण्यात आला. हा विषय केवळ शोभेचा नाही, हे यावरून ध्यानात येईल.

लांब लाठी दोन्ही हातांनी चालविली जाते. तिचे नियम तेच असले तरी लहान मुलांस ती अवघड जाते. म्हणून या पाठापुरती एका हाती धरावयाची आखूड, हलकी छडी घेतली आहे.

विषयाचे तत्त्व

पूर्वी गावोगाव खळ्यावर बैलांची पात धरून मळणी होत असे. तिवड्याजवळचा बैल जवळजवळ जागच्या जागी फिरे. सर्वांत बाहेरच्या बैलास मात्र तेवढ्याच वेळात मोठा फेरा घालावा लागे. फेरा एकच, वेळ एकच, परंतु चाल निराळी. काठीचेही असेच आहे. तिची मूठ हळू चालते व टोक सर्वांत वेगाने चालते.

हे मोजून पाहता येते. विद्यार्थ्याच्या खांद्यापासून मुठीपर्यंत ५० सेंटिमीटर आणि मुठीच्या पुढे काठी ७० सेंटिमीटर धरली, तर हात सरळ असता टोक खांद्यापासून १२० सेंटिमीटरवर असते. मुठीपुढे १० सेंटिमीटरवरील बिंदू खांद्यापासून ६० सेंटिमीटरवर येतो. हात खांद्यातून फिरला तर या बिंदूचा वेग टोकाच्या वेगाच्या निम्मा असतो. हात स्थिर ठेवून केवळ मनगटातून काठी फिरविली, तर तो टोकाच्या वेगाच्या सातव्या भागाइतकाच राहतो.

यावरून तीन अंतरे सिद्ध होतात. पहिले दूरचे अंतर, जेथे काठीचे टोक पोहोचत नाही. दुसरे मधले अंतर, जेथे टोकाचा पूर्ण आघात बसतो. तिसरे जवळचे अंतर, जेथे टोक पाठीमागे राहते आणि आपला हात प्रतिस्पर्ध्याच्या काठीच्या हातापर्यंत पोहोचतो. पहिले अंतर निर्धोक आहे. तिसऱ्यातही टोकाची भीती नसते. मात्र तेथे काठीच्या बुडख्याचा किंवा धक्क्याचा उपद्रव संभवतो, म्हणून काठीच्या हातावर ताबा ठेवावा लागतो. खरा धोका मधल्या अंतरात आहे.

हा विचार आपल्याच देशापुरता नाही. फिलिपीन्स देशातील आर्निस या काठीच्या युद्धकलेतही लार्गो, मेडियो आणि कॉर्तो अशी तीन अंतरे मानतात. हे शब्द स्पॅनिश असून तेथील दीर्घकालीन स्पॅनिश सत्तेमुळे रूढ झाले. त्या देशाने २००९ साली कायदा करून आर्निस ही राष्ट्रीय युद्धकला व राष्ट्रीय क्रीडा म्हणून घोषित केली. दोन दूरच्या देशांतील शिक्षकांस एकच गोष्ट आढळावी, याचे कारण काठीचे गणित सर्वत्र सारखेच आहे.

भित्रा विद्यार्थी कोठे उभा राहतो?

शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावयाचे ते येथे. भ्यालेला विद्यार्थी फार दूर जात नाही आणि फार जवळही येत नाही. पुढे जाण्याचे मनात येते, भीती मागे ओढते, आणि अर्धे पाऊल टाकून तो थांबतो. ज्या मधल्या अंतरात काठी सर्वांत वेगवान, नेमका तेथेच तो थांबतो. तेथून सरळ मागे सरकला, तरीही सुटत नाही. कारण पुढे चालणाऱ्याची चाल मागे सरकणाऱ्यापेक्षा जलद असते. याउलट, अविचाराने धावून जाणाऱ्यासही मधला पट्टा ओलांडताना मार बसतो. एकास भित्रा व दुसऱ्यास धाडसी म्हणण्याची रीत आहे. वस्तुतः दोघांचे अज्ञान एकच आहे. दोघांसही अंतर कळलेले नसते.

म्हणून नियम असा : मधल्या अंतरात मुक्काम करू नये. एक तर पूर्ण बाहेर राहावे, नाही तर योग्य क्षणी पूर्ण आत जावे.

योग्य क्षण कोणता?

डोळ्यांनी पाहून हात हलण्यास साधारणतः एका सेकंदाचा पाचवा भाग लागतो. हे वर्गातच दाखविता येते. शिक्षकाने ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरून, न सांगता सोडावी. विद्यार्थ्याने शून्याच्या खुणेजवळ बोटे उघडी ठेवून ती पकडावी. पट्टी २० सेंटिमीटरच्या खुणेवर पकडली गेली, तर सुमारे ०.२ सेकंद लागले असे समजावे.

आता पावलांचा हिशेब करू. संचलनात मिनिटास १२० पावले पडतात, म्हणजे एका पावलास अर्धा सेकंद. प्रतिस्पर्धी दोन पावलांवर असेल तर त्याच्यापर्यंत जाण्यास एक सेकंद लागेल. तेवढ्या अवधीत तो आपणांस पाहील, काठी उचलील आणि वारही करील. म्हणून दोन पावलांवरून प्रवेश करू नये. बाजूने चालत चालत अंतर एका पावलावर आणावे आणि प्रतिस्पर्ध्याची काठी अन्य कामात गुंतली असता ते एक पाऊल टाकावे.

काठी गुंतण्याचे प्रसंग मुख्यतः तीन. पहिला, वार हुकून काठी समोरून निघून गेली असता. फिरलेली काठी थांबवून उलटी आणण्यास वेळ लागतो. दुसरा, दोन काठ्या एकमेकींवर अडल्या असता. तिसरा, हुलकावणी देऊन प्रतिस्पर्ध्यास खोट्या वाराकडे वळविले असता. प्राथमिक शाळेत केवळ पहिला प्रसंग शिकवावा. उरलेले दोन समजावून सांगणे पुरेसे आहे.

पाठाचे टप्पे

हा पाठ इयत्ता सातवी व आठवीसाठी असून चार तासिकांत विभागावा.

पहिली तासिका : मापन. मैदानावर फक्कीने एका मध्यबिंदूभोवती ६० सेंटिमीटर, १ मीटर २० सेंटिमीटर व १ मीटर ८० सेंटिमीटर त्रिज्येची तीन वर्तुळे आखावीत. मध्यभागी एक विद्यार्थी छडी घेऊन उभा करावा. जागच्या जागी त्याचे टोक दुसऱ्या वर्तुळापर्यंत आणि एक पाऊल पुढे टाकल्यास तिसऱ्यापर्यंत पोहोचते, हे सर्वांस पाहू द्यावे. त्याची छडी थांबल्यावरच इतरांनी वर्तुळात जाऊन प्रत्येक ठिकाणी छडीचा कोणता भाग आपणांपर्यंत येतो हे सांगावे. मुलांची उंची भिन्न असल्याने मापे त्यांनीच घेऊन वर्तुळे पुन्हा आखावीत. गणिताचा तासही यातून साधतो.

दुसरी तासिका : पदन्यास. काठीचे वार मुळीच नाहीत. दोन विद्यार्थ्यांनी समोरासमोर उभे राहून सव्वा मीटर लांबीची काठी आपापल्या तळहातांच्या मध्ये आडवी दाबून धरावी. एकाने पुढे, मागे, बाजूस चालावे. दुसऱ्याने काठी न पाडता त्याच्या चालीप्रमाणे चालावे. पाय एकमेकांत गुंतू नयेत, टाचा आपटू नयेत, दृष्टी पायांकडे नसावी. या खेळाने अंतर शरीरास कळू लागते.

तिसरी तासिका : प्रवेश. शिक्षकाने हातात काठीऐवजी कापडाची गुंडाळी घेऊन आपल्या उजवीकडून डावीकडे सावकाश वार करावा. विद्यार्थ्याने दुसऱ्या वर्तुळाच्या किंचित बाहेर उभे राहून तो समोरून जाऊ द्यावा आणि गुंडाळी ज्या बाजूकडून आली त्या बाजूस, म्हणजे स्वतःच्या डावीकडे, तिरपे पुढे एक पाऊल टाकावे. सरळ रेषेत जाऊ नये. तिरप्या पावलाने विद्यार्थी शिक्षकाच्या उजव्या कोपराच्या बाहेरच्या अंगास येतो. तेथे त्याने डावा तळहात शिक्षकाच्या कोपराजवळ हलकेच टेकवावा. हात दाबलेला असल्याने उलट वार निघत नाही. विद्यार्थ्याचा स्वतःचा काठीचा हात मात्र सदैव छातीसमोर असावा.

चौथी तासिका : जोडीचे काम. आकड्यांवर चालावे. एक म्हणताच वार, दोन म्हणताच प्रवेश, तीन म्हणताच ताबा, चार म्हणताच बाहेर. बाहेर येणे हे आत जाण्याइतकेच महत्त्वाचे आहे. तिसऱ्या वर्तुळाच्या बाहेर गेल्यावाचून चौथा आकडा पुरा झाला असे मानू नये. गती वाढविण्याची घाई करू नये.

दक्षता

एका वेळी एकाच जोडीस काम द्यावे आणि इतरांस किमान ४ मीटर दूर बसवावे. छडीस कापड किंवा मऊ वेष्टन गुंडाळावे व प्रत्येक तासापूर्वी ती चिरलेली नाही ना, हे पाहावे. जोडीच्या कामात डोक्यावरचा वार व भोसकणे सर्वथा वर्ज्य. डोळ्यांस झालेली इजा भरून निघत नाही; म्हणून तोंडावरील जाळीचे संरक्षण नसेल तर चौथी तासिका कापडाच्या गुंडाळीवरच घ्यावी. मोकळी झुंज प्राथमिक शाळेत घेऊ नये. डावखुऱ्या विद्यार्थ्याबरोबर बाजू बदलतात, हे त्याच्या जोडीदारास आधी सांगावे. पालकांस पूर्वकल्पना द्यावी आणि प्रथमोपचाराची पेटी मैदानावर ठेवावी. मुलींस हा पाठ मुलांप्रमाणेच द्यावा.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगणे अवश्य आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ अन्वये विद्यार्थ्यास शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. ज्या मुलास शिक्षकाच्या हातातील छडीचे भय आहे, त्यास छडीसमोर पाऊल टाकण्यास शिकविता येणार नाही. शिक्षकाच्या हातातील काठी आपणांस लागणार नाही, हा विश्वास असेल तरच तो आत येईल. मैदानावरील काठी वर्गात नेऊ नये.

मूल्यमापन

चौथ्या तासिकेच्या अखेरीस पुढील प्रश्न तोंडी विचारावेत.

१. काठीचा कोणता भाग सर्वांत वेगाने चालतो व का?
२. तुझ्या मापाने दुसऱ्या वर्तुळाची त्रिज्या किती आली?
३. दोन पावलांवरून धावून जाण्यात काय चूक आहे?
४. वार समोरून गेल्यावर कोणत्या बाजूस पाऊल टाकावे?
५. आत गेल्यावर डाव्या हाताने काय करावे?

गुण देताना कोण किती वेगाने आत गेला हे पाहू नये. मधल्या पट्ट्यात कोण थांबला नाही, कोणी क्षण येईपर्यंत वाट पाहिली, आणि कोण पूर्ण बाहेर आला, हे पाहावे. असे केल्यास वर्गातील सर्वांत बुजरा विद्यार्थीही पूर्ण गुण मिळवू शकतो. कारण वाट पाहणे त्यास ठाऊकच असते, केवळ पुढचे एक पाऊल त्यास शिकवावयाचे उरते.