एकाच नांवाच्या दोघी

गेल्या सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासतांना एका विद्यार्थ्याचें उत्तर वाचून माझी तांबड्या शाईची लेखणी थबकली. त्यानें लिहिलें होतें कीं, बहिणाबाईंचा जन्म असोद्यास झाला, त्यांस तुकाराममहाराजांनीं स्वप्नांत उपदेश केला, आणि त्यांचीं गाणीं त्यांच्या चिरंजीवांनीं प्रसिद्ध केलीं. तिन्ही गोष्टी कोणत्या ना कोणत्या बहिणाबाईंविषयीं सांगितल्या जातात. फक्त त्या बाई एक नसून दोन आहेत, आणि दोघींच्या जन्मांत अडीचशें वर्षांचें अंतर आहे. हीच चूक परगांवच्या मुलानें केली असती तर तांबडी रेघ ओढून मी पुढें गेलों असतों. असोद्याच्या मुलानें ती करावी हें मनास लागलें, म्हणून हा लेख.

एका नांवाचीं माणसें ओळखावयाचीं कशीं, हा प्रश्न आपल्यापुरताच नाहीं. शुभवर्तमानांत मरीया नांवाच्या इतक्या स्त्रिया येतात कीं, लिहिणारांस प्रत्येकीची खूण सांगावी लागली. एक प्रभूची माता, एक मार्थेची बहीण, एक मग्दाला गांवची म्हणून मग्दालीया. योहानही तेथें दोन आहेत, एक बाप्तिस्मा करणारा आणि दुसरा प्रेषित. त्यांचें नांव पुढें साऱ्या युरोपखंडांत पसरलें. फ्रान्स देशांत त्याचा उच्चार 'जाँ' असा होतो. नाटककार जाँ रासिन, पशुपक्ष्यांच्या नीतिकथा पद्यांत रचणारा जाँ द ला फाँतेन, जिनीव्हांत जन्मून फ्रेंच भाषेंत लिहिणारा तत्त्वचिंतक जाँ-जाक रूसो, चित्रकार जाँ-फ्रान्स्वा मिले, हे सारे एकाच नांवाचे. परंतु त्यांच्यांत घोटाळा कोणी करीत नाहीं, कारण त्यांचीं आडनांवें ग्रंथांवर छापलेलीं व चित्रांखालीं लिहिलेलीं आहेत. रासिन (1639–1699) हा आपल्या पहिल्या बहिणाबाईंचा समकालीन होय; त्याचीं नाटकें त्याच्या हयातींतच छापलीं गेलीं. मिलेनें 1857 सालीं सरवा वेचणाऱ्या तीन बायकांचें चित्र काढलें. तें पाहिलें म्हणजे आम्हां ख्रिस्ती मंडळींस रूथेची आठवण होते, आणि खान्देशच्या कोणासही आपल्या शेताची. चित्रकाराचें नांव जग जाणतें. त्या तीन बायकांचीं नांवें चित्रावर नाहींत.

आमच्याकडे स्त्रीचें आडनांव लग्नाबरोबर बदलतें. देवगांवच्या कुळकर्ण्यांची मुलगी पाठकांच्या घरीं गेली. असोद्याच्या महाजनांची मुलगी जळगांवीं जाऊन चौधरी झाली. माहेरचें तेवढें नांव दोघींपाशीं राहिलें, आणि तें एकच निघालें. तेंही कसें, तर ज्याचा अर्थ नुसता 'बहीण' असा!

पहिल्या बहिणाबाई 1628 सालीं वेरूळजवळील देवगांवीं जन्मल्या, म्हणजे शिवाजीमहाराजांहून त्या दोन वर्षांनीं वडील. वडील गांवचे कुळकर्णी. अगदीं बालपणीं त्यांचें लग्न वयानें कितीतरी मोठ्या अशा बिजवराशीं झालें. पुढें कर्जापायीं सर्व कुटुंबास गांव सोडावें लागलें व फिरत फिरत तीं मंडळी कोल्हापुरास पोंचली. तेथें जयरामस्वामींचें कीर्तन ऐकण्यास ही मुलगी आपल्या वासरासह जात असे. वासरूं मेलें, तिची शुद्ध हरपली, आणि त्या अवस्थेंत तुकारामांनीं आपल्यावर कृपा केली असें तिनें सांगितलें. ब्राह्मणाच्या बायकोनें वाण्याच्या पायां पडावें हें वेदशास्त्री पतीस सहन झालें नाहीं. त्यानें तिला मारहाण केली. हें कोणा शत्रूनें लिहिलेलें नाहीं. बाईंनीं स्वतःच्याच अभंगांत तें सांगितलें आहे, आणि पुढें पतीचें मन पालटून दोघें देहूस कशीं गेलीं हेंही त्याच सरळपणानें सांगितलें आहे. मारणाऱ्याची बाजूही जी न लपवितां मांडते त्या लेखणीचा मला मोठा आदर वाटतो. शेवटचीं वर्षें त्यांनीं शिऊर येथें घालविलीं व 1700 सालीं त्यांनीं देह ठेविला. अंतकाळीं आपल्या पूर्वीच्या बारा जन्मांची कथा त्यांनीं मुलास सांगितली, तीही अभंगांत आहे. पुनर्जन्म आमच्या श्रद्धेंत बसत नाहीं. तरी अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट यांनीं या बाईंचें आत्मचरित्र व अभंग इंग्रजींत आणून 1929 सालीं प्रसिद्ध केले. पाद्री असून त्यांनीं हें केलें असें कोणी म्हणतात. मी म्हणतों, मराठी मनापासून शिकलेला माणूस दुसरें काय करील?

दुसऱ्या बहिणाबाई आपल्या असोद्याच्या. जन्म 1880 सालचा, नागपंचमीचा. वडील उखाजी महाजन, आई भिमाई. तेराव्या वर्षीं जळगांवच्या नथुजी चौधरी यांच्याशीं लग्न झालें, आणि ऐन तारुण्यांत वैधव्य आलें. पदरीं ओंकार, सोपानदेव आणि काशी अशीं तीन मुलें. शाळा त्यांनीं पाहिली नाहीं, अक्षरओळख नव्हती. शेतांत राबतांना, जात्यावर दळतांना गाणें सुचे तें त्या म्हणत, आणि तें तेथेंच हवेंत विरून जाई. सोपानदेव व त्यांचे एक आप्त यांनीं जेवढें टिपून ठेविलें तेवढेंच आज आपल्यापाशीं आहे. पेरणी, कापणी, सुगरणीचें घरटें, माणसाचें ओढाळ मन, सासर आणि माहेर हे त्यांचे विषय. जळगांवच्या छापखान्यावरही त्यांचें एक गाणें आहे! ज्या बाईस छापलेलें अक्षर वाचतां येत नव्हतें तिनें छापखाना पाहून, कोरा कागद छापून शहाणा होतो आणि माणूस मात्र तसाच राहतो, अशा अर्थाचें बोलावें, यांतली गंमत मी दर वर्षीं वर्गांत सांगतों. पण त्यांचें स्वतःचें पुस्तक त्या छापखान्यांतून आलेलें त्यांनीं पाहिलें नाहीं. 3 डिसेंबर 1951 रोजीं त्या वारल्या. सोपानदेवांनीं ती वही आचार्य अत्र्यांस दाखविली, त्यांनीं ती प्रसिद्ध करण्याचा आग्रह धरला, आणि 1952 सालीं 'बहिणाबाईंचीं गाणीं' अत्र्यांच्या प्रस्तावनेसह निघालीं. 2018 सालीं जळगांवच्या विद्यापीठास त्यांचें नांव देण्यांत आलें. निरक्षर स्त्रीचें नांव विद्यापीठाच्या दारावर असावें, याचा अभिमान आम्ही सारे बाळगतों.

परंतु तो अभिमान बाळगणारे आम्हीच शिक्षक त्यांच्या भाषेचें काय करतों? असोद्याचा मुलगा घरीं 'ळ' चा 'य' करतो. त्यानें निबंधांत एकदां 'जयगाव' लिहिलें कीं आम्हीं तांबडी रेघ ओढलीच. शुद्धलेखन शिकविलें पाहिजे, त्याविषयीं माझें दुमत नाहीं. पण ती रेघ पाहून मुलगा आजीची बोलीच चुकीची समजूं लागतो, आणि मग आजीचें गाणें ऐकण्यास कोण बसणार? माझी आजी धान्य निवडतांना जात्यावरच्या ओव्या आणि देवळांतलीं स्तोत्रें एकाच चालीवर म्हणत असे. मी त्या वेळीं पदवीच्या अभ्यासांत गढलेला. एकही ओळ मीं टिपून घेतली नाहीं. आज मला दोन ओव्या आठवतात, त्याही अर्ध्या.

त्या विद्यार्थ्यास मीं अर्धा गुण दिला, आणि दिवाळीच्या सुटींत त्याच्या वर्गास एक काम सांगितलें. घरांतल्या किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या बाईकडून एक तरी गाणें ऐकावें, तिच्याच तोंडचे शब्द ठेवून लिहावें, आणि खालीं तिचें नांव व गांव, माहेरचें आणि सासरचें दोन्ही, घालावें. वही आतां शाळेच्या ग्रंथालयांत आहे. पालकांनीं ती अवश्य पाहावी. वहींत दोन बहिणाबाई निघाल्या, एक भुसावळकडची, दुसरी धरणगांवाकडची. तिघां-चौघां हुशार मुलांनीं आजीचें बोलणें सुधारून शुद्ध 'जळगांव' असें लिहिलें होतें. त्यांस मीं समोर बसवून तें पुन्हां 'जयगाव' करून घेतलें.