बदलापूरला घर घेताय? मग ऐका

बदलापूरला राहते म्हटलं की दादरकरांच्या चेहऱ्यावर जी कणव उमटते, तिचा मला आता राग येत नाही. लालबागच्या आमच्या खोलीत सासू-सासरे, आम्ही दोघं, लग्नाचा दीर आणि दोन मुलं एवढी माणसं होती. सासरे गिरणीतले. १९८२च्या संपानंतर त्यांच्या बरोबरीचे कितीतरी जण डोंबिवली, कल्याण, विरार असे पांगले. आम्ही उशिरा निघालो, तोवर डोंबिवलीचे भावही आवाक्याबाहेर गेले होते. म्हणून बदलापूर. सीएसएमटीपासून अडुसष्ट किलोमीटर. हल्ली इकडे घर बघणारे ओळखीपाळखीचे लोक विचारायला येतात, त्यांना मी सांगते ते असं :

१. कार्पेट एरिया नंतर विचारा, आधी स्टेशन किती लांब ते बघा. जाहिरातीतली ‘पाच मिनिटं’ कुणीतरी रविवारी पहाटे मोकळ्या रस्त्यावर बाइकवरून मोजलेली असतात. तुम्ही सोमवारी सकाळी सातला, जमलं तर पावसात, स्वतः जाऊन बघा. लोकलचा सेकंड क्लासचा पास स्वस्त आहे. महाग आहे ते कात्रप किंवा मांजर्लीपासून स्टेशनपर्यंतचं अंतर. महिन्याचा हिशेब मांडला तर शेअर रिक्षाचे पैसे पासाच्या कितीतरी वर जातात. लांबचा फ्लॅट स्वस्त म्हणून घेणारे तो फरक रिक्षावाल्याला हप्त्याहप्त्याने देत राहतात. शिवाय रात्री उशिरा, पाऊस असेल तर शेअर रिक्षा नसतेच, असते ती ‘स्पेशल’. ब्रोशरमध्ये छापलेल्या मेट्रो-१४वर तर एक पैसाही जास्त देऊ नका. कांजूरमार्गहून बदलापूरला येणारी ही मेट्रो अजून कागदावरच धावते.

२. साहेबाला टाइमटेबल कधीही सांगू नये. ठाण्यापासून कल्याणपर्यंत सहा मार्ग आहेत, पण कल्याणपुढे कर्जतच्या बाजूला आतापर्यंत दोनच. त्याच दोनांवरून पुण्या-कोल्हापूरच्या एक्स्प्रेस, मालगाड्या आणि आपण. बदलापूरपर्यंत तिसऱ्या-चौथ्या मार्गाचं काम निघालंय, ते होईल तेव्हा होईल. मेल पुढे काढायची म्हणून लोकल अंबरनाथच्या अलीकडे उभी राहते, आणि तुम्ही ऑफिसात ‘गाडी लेट होती’ म्हणता. हे वाक्य मुंबईत कुणी खरं मानत नाही. एक गाडी आधीची पकडायची, बस.

३. बायकांच्या डब्याचा कायदा पहिल्याच आठवड्यात शिकून घ्यावा. सकाळची गाडी बदलापूरहून सुटते म्हणून आपल्याला जागा मिळणार, असं बाहेरच्यांना वाटतं. गाडी फलाटाला लागते तेव्हा खिडक्यांशी अंबरनाथच्या बायका आधीच बसलेल्या असतात. त्या उलट्या दिशेने इथवर येतात आणि त्याच गाडीने परत जातात. याला ‘रिटर्न’ म्हणतात. यावरून झालेली भांडणं मी रोज ऐकली आहेत, दोन-चारदा स्वतःही केली आहेत. खरं सांगायचं तर त्यांची बाजू मला पटते. अंबरनाथला उभ्याने चढून सीएसएमटीपर्यंत उभं राहायचं, त्यापेक्षा पंधरा-वीस मिनिटं जास्त घालवून बसून गेलेलं काय वाईट?

संध्याकाळी सगळा व्यवहार उलटा होतो. चढल्यावर बसलेल्या प्रत्येकीला विचारत जायचं, ‘कुठे उतरणार?’ डोंबिवली म्हणाली तर लगेच म्हणायचं, ‘मला द्या.’ तिने जागा आधीच कुणाला दिली असेल तर तुमचा नंबर तिच्या मागच्या मागचा. लिहिलेलं काही नसतं, तरी मोडण्याची कुणाची हिंमत होत नाही. एकदा माझी जागा एका कॉलेजातल्या मुलीने घेतली, तर मी तोंड उघडायच्या आत पलीकडच्या तिघी बोलल्या, ‘ए बाई, ती काकूंची आहे. घाटकोपरपासून.’

बसायला मिळालं की मांडीवर पिशवी पसरून मेथी निवडायची. कानातली विकणारी येते, तिच्या पुठ्ठ्यावरचे डूल एकमेकींच्या कानाला लावून बघायचे. श्रावणात हळदीकुंकू, दसऱ्याला डब्याला झेंडूची तोरणं. गेल्या वर्षी तर एकीचं डोहाळजेवण झालं, त्याला ओटीचं सामान मुलुंडवालीने आणलं होतं. माझी शुगर किती असते ते उल्हासनगरच्या सिंधी मावशींना माहीत आहे. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंना माझं नाव माहीत आहे की नाही, शंकाच आहे.

४. एसी लोकल चांगली, पण ती जादा हवी. आपली साधी काढून तिच्या जागी नको. ऑगस्ट २०२२मध्ये नेमकं तेच झालं, तेव्हा कळवा आणि बदलापूरचे प्रवासी स्टेशनवर आंदोलनाला उतरले आणि मध्य रेल्वेने नव्या दहा एसी फेऱ्या मागे घेतल्या. इथला माणूस एरवी गपगुमान सहन करतो. गाडीच्या वेळेला हात लावला की मात्र करत नाही.

५. घर बघायला गेलात की स्वयंपाकघराचा नळ उघडू नका, वॉचमनला विचारा, ‘टँकर किती येतात?’ तो खरं सांगतो. बारवी धरण आमच्या दाराशी आहे, पण ते एमआयडीसीचं. त्याचं पाणी पार मीरा-भाईंदरपर्यंत जातं. आम्हाला उल्हास नदीचं. पाऊस मुंबईपेक्षा जास्त आणि मे महिन्यात कॅन भरून ठेवायचे, ही इथली रीत.

६. आणि नदी. पश्चिमेला घर घेत असाल तर पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतल्या. ही वर्षं सरकारी हिशेबाची. नदी २००५ला आली, २०१९ला आली, २०२१लाही आली. हेंद्रेपाडा, रमेशवाडीतले लोक पावसाळ्यात धोक्याची पातळी तोंडपाठ सांगतात : साडेसतरा मीटर. साडेसोळाला इशारा मिळतो, मग स्कूटर वर घ्यायची, फ्रिजखाली विटा, कागदपत्रं माळ्यावर.

२७ जुलै २०१९ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, त्यात हजाराच्या आसपास माणसं होती. टीव्हीवर हेलिकॉप्टर आणि होड्या दिसल्या, ते योग्यच. पण चामटोली आणि आसपासच्या गावकऱ्यांनीही त्या माणसांसाठी धावपळ केली, हे इथे अजून सांगतात. त्या दिवशी आमच्या बिल्डिंगचं पार्किंग छातीएवढ्या पाण्यात होतं. तळमजल्यावरचं कुटुंब दोन रात्री आमच्याकडे राहिलं. त्यांनी पुढल्या वर्षी फ्लॅट विकला. घेणाऱ्याला पुराबद्दल कुणी सांगितलं का, ते मला माहीत नाही. माझ्याकडे कुणी विचारायला आलं नाही.

७. कर भरणारे गावात नसतात. हे मला फार उशिरा लक्षात आलं आणि सगळ्यात जास्त हेच खटकतं. २००१ला लाखाच्या आत असलेली वस्ती २०११ला पावणेदोन लाखांच्या घरात गेली. त्यानंतर किती वाढली ते फलाटावर बघून घ्यावं. यातली निम्मी-अधिक कमावती माणसं सकाळी सातला जातात आणि रात्री नऊला येतात. कचऱ्याची, रस्त्याची, पाण्याची तक्रार घेणारं कार्यालय त्याच वेळात उघडं. एका दाखल्यासाठी मी अर्धी रजा टाकून गेले, तर ‘साहेब साइटवर’. दुसऱ्या वेळी सासऱ्यांना पाठवलं. आमचं गाव असं पेन्शनर, गृहिणी आणि शाळेच्या व्हॅनवाल्यांच्या जिवावर चालतं. सोसायटीची सभा रविवारी ठेवावी, तर निम्मे जण मेगाब्लॉकच्या आत माहेर-सासर उरकायला गेलेले. खड्डे वर्षानुवर्षं तसेच का राहतात, याला पैसा हे एकच कारण नाही. भांडायला दिवसा माणूस लागतो.

८. उन्हाळा बेकार, थंडी छान. एप्रिलात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा माहेरचे कुणी फिरकत नाहीत. डिसेंबरात ‘तुमच्याकडे मस्त हवा’ म्हणत येतात. येऊ द्यावं. पाऊस पडला की कोंडेश्वरच्या धबधब्यावर न्यावं. जूनच्या तोंडाशी ठाकर-कातकरी बायका स्टेशनबाहेर पानांच्या द्रोणातून जांभळं विकतात, ती मात्र पाहुण्यांबरोबर द्यायला न विसरता घ्यावी. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हापासून भाव वाढलाय; घासाघीस करू नये.

९. आमच्या मुलीने वांगणीत वन-बीएचके बघितलाय. आम्ही आलो तेव्हा इथे जे भाव होते, ते आता एक स्टेशन पुढे सरकलेत. बदलापूर लोकल वांगणीला जात नाहीत, फक्त कर्जत-खोपोलीच्या मिळतात, हे मी तिला सांगितलं. तिचं म्हणणं, ऑफिस आठवड्यातून दोनच दिवस. कंपनीने पाच दिवस बोलावलं तर काय, यावर आमचं बोलणं अजून व्हायचंय. तोवर तिने सोमवारी सकाळी सातला जाऊन यावं, एवढं मी कबूल करून घेतलंय.