काजूच्या भट्टीपाशी शिकलेलं

माझं माहेर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईपासून थोडं आत. सासर बोरिवलीचं. नोकरी सगळी अंधेरीच्या एमआयडीसीत, औषधांच्या प्रयोगशाळेत झाली. निवृत्तीनंतर मात्र काजूचा हंगाम, म्हणजे साधारण मार्च ते मे, मी भावाच्या भट्टीवर काढते. आमच्या सोसायटीत फेणीचं, म्हणजे काजूच्या दारूचं, नाव काढलं की लोक नाक मुरडतात, आणि त्यांच्याच घरी आयरिश व्हिस्कीची बाटली काचेच्या कपाटात पुढे मांडलेली असते. दोन्हींमागचं काम एकाच जातीचं आहे. भट्टीपाशी जे उमगलं ते म्हणूनच लिहून काढते आहे.

१. फळ खाली पडेपर्यंत हात लावायचा नाही.

बोंडू, म्हणजे काजूचं फळ, तोडायचा नाही, पडलेलाच वेचायचा, ही आमच्याकडची पहिली रीत. झाडावरचा बोंडू कितीही लालबुंद दिसला तरी तुरट असू शकतो. पुरता पिकला की तो आपला आपण सुटतो. पडल्यावर मात्र त्याच्याकडे वेळ थोडा. दुपारच्या उन्हात साल फुटते, माश्या बसतात, तिन्हीसांजेला आंबूस वास सुटलेला असतो. म्हणून उजाडताच टोपल्या घेऊन डोंगर चढायचा.

वहिनी एका पिळात बी वेगळी करते. बीच्या टरफलातलं तेल कातडी सोलून काढणारं, त्यामुळे तिच्या बोटांची टोकं हंगामभर काळी. हिरवट राहिलेला किंवा बुरशी धरलेला बोंडू ती बघतसुद्धा नाही, हाताला लागला की बाजूला फेकते. आमच्या प्रयोगशाळेत कच्चा माल तपासायला यंत्रं होती, नोंदवह्या होत्या, दोघांच्या सह्या होत्या. इथे ती सगळी तपासणी एका बाईच्या बोटांत आहे आणि फेणीचा निम्मा निकाल तिथेच लागतो. नाव मात्र भट्टीवाल्याचं होतं. वेचणाऱ्या बायकांचं कुठे होत नाही, आणि हे मला दरवर्षी बोचतं.

२. जव थांबतो, बोंडू थांबत नाही.

आयर्लंडच्या खेड्यातला व्हिस्कीवाला जवावर काम करतो. जवात साखर नसते, पिष्ट असतं. म्हणून तो आधी भिजवायचा, मोड आणायचे, वाळवायचा, मग भरडून गरम पाण्यात मिसळायचा, तेव्हा त्या पिष्टाची साखर होते. मोड आणलेल्या जवाबरोबर मोड न आणलेला जवही घालतात, ही त्यांची खास जुनी रीत. एवढा खटाटोप असला तरी एक मोठी सोय आहे: जव कोठारात राहतो. आज नाही जमलं तर पुढच्या आठवड्यात.

बोंडूचं उलट. साखर त्याच्यात तयारच असते, पण ती आजच्या दिवसापुरती. सकाळी वेचलेला माल दिवस मावळायच्या आत तुडवून झाला पाहिजे. त्यामुळे हंगामात भावाला लग्नाला जाता येत नाही, ताप आला तरी झोपून राहता येत नाही. माल किती येईल हे झाड ठरवतं. एखाद्या वर्षी मोहोर आला असताना ढगाळ हवा पडली की सगळा हिशेब कोसळतो.

३. पायाखालचा रस वेगळा, दगडाखालचा वेगळा.

खडकात कोरलेल्या कोळंबीत, म्हणजे कुंडात, पाय धुऊन उतरायचं आणि तुडवायचं. हा रस गढूळ, दाट. तो आंबायला जातो. उरलेल्या चोथ्याचा गोळा करून रानवेलीने आवळतात, वर जड दगड ठेवतात आणि रात्रभर ठिबकू देतात. तो निरो. नितळ, गोड, घशाला किंचित खरवडणारा. मुलं पेले घेऊन भोवती बसलेली असतात, कारण त्यात अजून नशा नसते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो तसा राहणारही नाही. बोरिवलीत कितीही पैसे मोजले तरी ही चव मिळायची नाही.

४. आंबताना कान द्यायचा.

आमच्याकडे यीस्ट विकत आणून घालत नाहीत. फळाच्या सालीवर, कोळंबीच्या दगडावर, मातीच्या भांड्याच्या अंगात जे असतं तेच काम करतं. आता पुष्कळ जण प्लास्टिकचे पिंप वापरतात. ते धुवायला सोपे, म्हणून मी त्यांना नावं ठेवत नाही. दोन-तीन दिवस रस खदखदतो. फेस चढतो, मग बसतो, आवाज बारीक होत जातो. आवाज थांबला की गाळायला घ्यायचं. एक दिवस जास्त गेला तर आंबटपणा वाढतो आणि तो पुढे गाळूनही पुरता जात नाही. भाऊ घड्याळ बघत नाही, भांड्याला कान लावतो. मी पीएच मोजून बघत होते. त्याचा अंदाज आणि माझा आकडा जवळजवळ नेहमी जुळला.

५. जाळ मंद, पाणी गार, आणि पहिलं थोडं बाजूला.

भट्टीवर खरं लक्ष लागतं ते इथे. तांब्याचं भाण, म्हणजे गाळायचं भांडं, चुलीवर चढवायचं, तोंड बंद करायचं आणि सांध्यांना वारुळाची माती लिंपायची. ती माती चिकट असते, तापली तरी सहसा तडकत नाही. जुन्या पद्धतीत भाणातून निघालेली नळी लावणीत, म्हणजे मातीच्या दुसऱ्या भांड्यात जाते, आणि त्या लावणीवर कोणीतरी सतत पाणी ओतत बसतं. आता बहुतेक ठिकाणी नळीचं वेटोळं सिमेंटच्या टाकीतल्या पाण्यात बुडवलेलं असतं. एप्रिलच्या शेवटी विहिरी तळाला जातात. टाकीतलं पाणी बदललं नाही तर ते तापतं, आणि मग वाफ पुरती थिजत नाही, वास हवेत जातो. लांबून वास घेणाऱ्याला वाटतं, आज भट्टी जोरात आहे. खरं तर कमाई उडून चाललेली असते.

जाळ दूध आटवताना ठेवतो तसा हवा. मोठा केला की आतला रस उतू जाऊन फेसासकट नळीत शिरतो आणि सगळी धार गढूळ होते. पुन्हा पहिल्यापासून.

‘पहिल्या धारेची’ म्हणून लोक मिशीला पीळ देतात. पण गाळणाराच अगदी सुरुवातीची थोडी धार बाजूला काढतो. नाकात झोंबणारे हलके घटक त्यात असतात: असिटाल्डिहाइड, इथिल असिटेट. व्हिस्कीवालेही हेच करतात. पुढची धार स्वच्छ येते आणि शेवटी पाणचट होत जाते, तिथे थांबायचं. कधी थांबायचं हे लोभ आवरल्याशिवाय कळत नाही, कारण भांड्यात अजून बाटलीभर निघण्यासारखं असतंच.

पहिल्यांदा गाळून मिळतो तो हुर्राक, १४ ते १६ ग्रावचा. ग्राव, म्हणजे दारूची तीव्रता, मोजायला काचेची तरंगती नळी असते, पोर्तुगीज काळापासूनची. हुर्राकात आंबलेला रस मिसळून पुन्हा गाळलं की फेणी, १९-२० ग्रावच्या आसपास. फेणीच्या भौगोलिक मानांकनाच्या कागदावर हेच ४२.८ टक्के अल्कोहोल म्हणून नोंदलं आहे. भाऊ नळी वापरतो, पण त्याआधी उंचावरून पेल्यात धार सोडतो आणि कडेने बसणारे बुडबुडे बघतो. मोठे आणि लगेच फुटणारे असले तर मान हलवतो. बारीक मणी रांगेने टिकले तर काही न बोलता मला पेला देतो.

आयर्लंडमध्ये बरेच जण तीन वेळा गाळतात, म्हणून त्यांची व्हिस्की जिभेला मऊ लागते.

६. हुर्राक साठवायचा नाही.

हंगामात प्यायचा, लिंबू नि मीठ घालून, आणि संपवायचा. पावसाळ्यापर्यंत ठेवला तर चव उतरते.

७. कोणी बनवली हे माहीत असल्याशिवाय प्यायची नाही.

हे मी उपनगरात राहते म्हणून जरा ठासून सांगते. डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीत आणि जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने माणसं मेली. मालवणीत तर शंभरावर गेली. पुष्कळशी हातावर पोट असलेली. त्यानंतर किती तरी दिवस ‘गावठी’ म्हणजे विष, असं लोक बोलत होते. माझं आयुष्य रसायनांत गेलं, म्हणून फरक सांगितलाच पाहिजे. फळापासून गाळलेल्या दारूत मिथेनॉलचा अंश येतो, कारण सालीतल्या पेक्टिनपासून तो थोडासा तयार होतो. पण अशी एवढी माणसं मरतात ती कारखान्यासाठीचं मिथेनॉल पिंपाने आणून दारू म्हणून विकल्यामुळे. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं, आधी डोळे जातात, मग जीव. आमच्या प्रयोगशाळेत मिथेनॉल कुलपात असे आणि घेतलेल्या प्रत्येक लिटरची नोंद होई. भट्टीला बदनाम करून हा धंदा थांबत नाही. गाळणाऱ्याला परवाना, पत्ता आणि नाव असलं तर ग्राहक त्याच्या दारात जाऊन जाब विचारू शकतो. वाळपईच्या बाजारात भावाची फेणी बिघडली तर दुसऱ्या दिवशी त्याला चहाच्या टपरीवर ऐकून घ्यावं लागेल.

८. लाकूड आणि हवा आपापला वाटा घेतात.

आयरिश व्हिस्की कायद्याने किमान ३ वर्षं लाकडी पिंपात ठेवावी लागते. तिथल्या थंडाव्यात दरवर्षी साधारण २ टक्के उडून जाते. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची सिंगल माल्ट तयार होते. तिथल्या उष्ण दमट हवेत हीच तूट ८ टक्क्यांच्या घरात आहे. म्हणजे आपल्याकडे व्हिस्की लवकर मुरते आणि लवकर घटतेही. फेणी मात्र रीतीप्रमाणे लाकडात जात नाही. गोल पोटाच्या मोठ्या काचेच्या बाटल्यांत, माळ्यावर, अंधारात राहते आणि फळाचा वास धरून ठेवते. कोणी ती ओकमध्ये मुरवून बघतात. मला ते रुचत नाही. ज्या वासासाठी एवढं फळ वेचलं तोच झाकला जातो.

९. कायदा एका सहीने भट्टी विझवतो आणि एका सहीने पेटवतो.

आयर्लंडच्या खेडोपाडी लपूनछपून गाळली जाणारी पोचीन ही दारू १६६१ पासून बेकायदा ठरली, ती तिथे उघडपणे विकायला परवानगी मिळाली १९९७ मध्ये आणि युरोपचं भौगोलिक मानांकन २००८ मध्ये. काजूच्या फेणीला मानांकन २००९ मध्ये मिळालं, २०१६ मध्ये गोव्याने तिला वारसा म्हणून मान्यता दिली. व्हिस्कीचीही गत फार निराळी नव्हती: १९८० च्या सुमाराला आयर्लंडच्या बेटावर दोनच व्हिस्कीचे कारखाने उरले होते, आज चाळीसच्या वर आहेत.

आमच्या बोरिवली-अंधेरीचीही एक जुनी गोष्ट आहे. हा भाग पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने ताडी आणि मोहाच्या दारूवरचं नियंत्रण आवळलं, आणि १८९२ च्या कायद्याने ठाणे-कुलाब्यात मोहाची फुलं गोळा करणंही बंद झालं. त्यात आदिवासींचं खाणंही गेलं, कारण मोह भाकरीतही पडत असे. पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला. महाराष्ट्रात पिण्यासाठी परवाना लागतो तो त्याच्यामुळेच.

गोव्यात दरवर्षी पावणी होते, काजूचे विभाग लिलावाने दिले जातात आणि भट्टी उजळ माथ्याने पेटते. हद्दीपलीकडे दोडामार्ग-सावंतवाडीत तेच झाड, तीच माती. तिथला शेतकरी बी विकतो आणि बोंडू एक तर कवडीमोलाने गोव्याच्या भट्टीकडे पाठवतो, नाही तर झाडाखाली कुजू देतो. तयार फेणी मात्र महाराष्ट्राचा कर भरल्याशिवाय इन्सुलीचा नाका ओलांडू शकत नाही. सिंधुदुर्गातल्या बागायतदारांना छोट्या भट्ट्यांचे परवाने द्यावेत, दर हंगामाला नमुने तपासावेत, बाटलीवर गावाचं नाव छापावं. तपासणीचं काम माझ्यासारख्या निवृत्त रसायनवाल्या आनंदाने करतील.