अभिनयाची पारख

चित्रपटाचा खेळ संपतो, दिवे लागतात आणि प्रेक्षक बाहेर पडू लागतात. जिन्यावरच चर्चेला तोंड फुटते. ‘आजोबांचे काम झकास झाले!’ ‘छे, त्यांच्यापेक्षा मुलाचेच सरस!’ घर येईपर्यंत हा वाद रंगतो. असा वाद ही रसिकतेचीच खूण होय. परंतु ‘झकास’ आणि ‘टुकार’ या दोन शब्दांवरच जो थांबतो, त्याने चित्रपट डोळ्यांनी पाहिला, मनाने पाहिला नाही. आपल्याला एखादे काम का आवडले, याचे कारण शोधणे म्हणजेच अभिनयाची पारख करणे.

नाटकातील नटाला शेवटच्या रांगेतील प्रेक्षकापर्यंत पोहोचावयाचे असते. त्यामुळे त्याचा आवाज खणखणीत असावा लागतो आणि हावभाव ठळक असावे लागतात. चित्रपटात मात्र कॅमेरा नटाच्या चेहऱ्याजवळ येतो. तेथे पापणीची हालचालही लपत नाही. म्हणून रंगमंचावर जे शोभते, ते पडद्यावर कधी कधी अतिरेकी वाटते.

संदीप सावंत यांनी दिग्दर्शित केलेला ‘श्वास’ हा चित्रपट २००४ साली प्रदर्शित झाला. कोकणातील एक आजोबा आपल्या नातवाला डोळ्यांच्या उपचारासाठी शहरात आणतात. नातवाला डोळ्यांचा कर्करोग झालेला असतो. शस्त्रक्रियेने त्याचे प्राण वाचतील, पण दृष्टी कायमची जाईल! ही आजोबांची भूमिका अरुण नलावडे यांनी केली. अशा प्रसंगी हंबरडा फोडून प्रेक्षकांना रडविणे सोपे असते. परंतु आजोबांना आपले दुःख नातवापासून लपवावयाचे आहे. ते नातवाला दिसता कामा नये आणि प्रेक्षकाला तर दिसलेच पाहिजे. नटाची खरी कसोटी ती हीच. नातवाचे काम करणाऱ्या अश्विन चितळे याला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोघांच्या भूमिकांतील अडचणी निरनिराळ्या होत्या, हे ध्यानी आले की ‘कोणाचे काम सरस’ हा वाद अधिक अर्थपूर्ण होतो.

पारख करताना आणखी एक चूक टाळावी लागते. ती म्हणजे भूमिका आणि माणूस यांची गल्लत. निळू फुले यांनी मराठी पडद्यावर अनेक दुष्ट पाटील आणि कपटी पुढारी साकारले. त्यांचा खरखरीत आवाज ऐकताच प्रेक्षकांच्या अंगावर काटा उभा राही. खेड्यापाड्यांतील कित्येक स्त्रिया त्यांच्या नावाने बोटे मोडीत. तो त्यांच्या अभिनयाचा विजय होता. पण त्यांच्यावर अन्यायही होता. कारण प्रत्यक्षात हा नट राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारांत वाढलेला आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यात रमणारा साधा माणूस होता. १९७५ साली बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात दाखविल्या गेलेल्या ‘सामना’मध्ये ते सत्ताधीश हिंदुराव झाले, तर ‘सिंहासन’मध्ये सत्तेचा खेळ अस्वस्थपणे पाहणारा पत्रकार झाले. चेहरा तोच, माणूस मात्र निराळा!

ज्याचा राग आला, त्याचेही काम उत्तम असू शकते आणि जो आवडता आहे, त्याचेही काम कधी फसू शकते. आवडत्या नटाची उणीव मोकळेपणाने मान्य करणारा आणि नावडत्याच्या गुणाला मनापासून दाद देणारा प्रेक्षकच खरा रसिक होय. कलेच्या बाबतीत लागलेली ही न्यायबुद्धीची सवय रोजच्या व्यवहारातही माणसाला उपयोगी पडते.

स्वाध्याय
१. रंगमंचावरील आणि पडद्यावरील अभिनयात कोणता फरक असतो?
२. प्रेक्षकांचा राग हा निळू फुले यांचा विजयही होता आणि त्यांच्यावर अन्यायही होता, असे का म्हटले आहे?
३. तुम्ही पाहिलेल्या एखाद्या चित्रपटातील न आवडणाऱ्या पात्राविषयी पाच वाक्ये लिहा. त्या नटाचे काम कसे झाले, ते कारणे देऊन सांगा.