शाळेचे संकेतस्थळ: सल्ला कोणाला आणि कसा विचारावा



शाळेच्या संकेतस्थळाबद्दल सल्ला हवा असला की बहुतेक जण लिंक पाठवतात आणि विचारतात, “आमची वेबसाइट कशी वाटते?” अशा प्रश्नाला फक्त मते मिळतात. एकाला निळा रंग आवडत नाही, दुसऱ्याला बोधचिन्ह मोठे हवे असते, तिसरा संस्थापकांचे छायाचित्र सर्वांत वर घ्यायला सांगतो. ही मते प्रामाणिक असतात, पण पालक नेमका कोठे अडतो ते त्यांतून कळत नाही. म्हणून आधी संकेतस्थळाचे काम काय हे ठरवावे लागते, आणि मग सल्ल्याकडे वळावे लागते.

हे काम सर्वांत नीट माहीत असते ते शाळेच्या कार्यालयातील लिपिकाला. पहिलीचा प्रवेश कधी सुरू होणार, वय किती पूर्ण लागते, शाळा सोडल्याचा दाखला किंवा बोनाफाईड मिळायला किती दिवस लागतात, सहामाहीचे वेळापत्रक लागले का, दिवाळीनंतर शाळा कोणत्या तारखेला उघडणार, शाळेचा युडायस क्रमांक काय, हे प्रश्न रोज त्याच्या फोनवर आणि खिडकीवर येतात. पंधरा दिवस एका वहीत असा प्रत्येक प्रश्न टिपला आणि तोच पुन्हा आला की त्याच्यापुढे रेघ ओढली, तर मुखपृष्ठावर काय हवे याची यादी आपोआप तयार होते. बाहेरच्या कोणत्याही तज्ज्ञाकडे ही यादी नसते. म्हणून पहिला सल्लागार लिपिकच.

वाईट संकेतस्थळांचा मूळ दोष इथेच असतो. २०१० साली रँडल मन्रो या अमेरिकी चित्रकाराने ‘एक्सकेसीडी’ या चित्रमालिकेत विद्यापीठांच्या संकेतस्थळांविषयी एकमेकांना छेदणारी दोन वर्तुळे काढली. एका वर्तुळात मुखपृष्ठावर असणाऱ्या गोष्टी होत्या, दुसऱ्यात लोक शोधत येतात त्या. दोन्हींत सामाईक निघाले ते केवळ संस्थेचे पूर्ण नाव. मराठी शाळांची स्थिती फारशी निराळी नाही. मुखपृष्ठावर सरकती छायाचित्रे, मुख्याध्यापकांचे मनोगत, ध्येय आणि उद्दिष्टे. आणि कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक चार पाने आत. मनोगताला जागा जरूर असावी, पण फोन क्रमांक, पत्ता, कार्यालयाची वेळ आणि ताज्या सूचना त्याच्या आधी याव्यात.

दुसरा सल्ला घ्यायचा तो पालकांकडून, आणि तो तोंडी विचारून मिळत नाही. पालकाला एखादे काम द्यावे आणि तो ते कसे करतो हे शेजारी बसून पाहावे. फोन त्याचा स्वतःचा असावा, इंटरनेटही त्याच्या मोबाइलचेच असावे, कारण शाळेच्या संगणक कक्षातील मोठ्या पडद्यावर सगळेच बरे दिसते. काम असे असावे: “मुलीला बोनाफाईड हवे आहे. त्यासाठी काय आणायचे ते शोधा.” त्यानंतर पाहणाऱ्याने बोलायचे नाही. हे सर्वांत अवघड असते. ज्याने पान बनवले त्याचे बोट आपोआप पुढे जाते आणि “इथे दाबा” असे तोंडून निघते. तसे झाले की ती चाचणी वाया गेली. बोट कोठे घुटमळले, कोणता शब्द वाचून पालक चुकीच्या पानावर गेला, कोणत्या क्षणी त्याने “त्यापेक्षा फोनच करतो” असे म्हटले, एवढेच टिपायचे. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडले की पाच जणांची अशी चाचणी बहुतेक मोठे दोष उघड करते. पाच पालक कोणत्याही शाळेला मिळतात. त्यांत एखादे आजोबा आणि एखादी पहिल्यांदाच शाळेत मूल घालणारी आई असली की चाचणीचा कस वाढतो.

मराठी संकेतस्थळांत या चाचणीतून लिपीशी निगडित दोष हमखास बाहेर येतात, आणि इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शनात ते सापडत नाहीत. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला त्यात स्थान आहे. तरीही छपाईच्या सवयीमुळे अनेक सूचना अजून जुन्या फॉन्टमध्ये टंकित होतात. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षराची आकृती इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेली असते. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर त्यामुळे निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. त्याची पीडीएफ केली तर डोळ्यांना मजकूर बरोबर दिसतो, पण शोधयंत्राला त्यातले “प्रवेश” सापडत नाही आणि अंध पालकाच्या फोनमधील वाचक प्रणाली भलतेच काही वाचते. फलकावरच्या कागदाचा फोटो काढून टाकला तर शोधता येण्यासारखे अक्षरच उरत नाही. सूचना युनिकोडमध्ये, थेट पानावर, मजकूर म्हणून लिहावी. सही-शिक्क्याची प्रत हवी असेल तर ती खाली जोडावी. पानाच्या अंतर्गत मांडणीत भाषा मराठी अशी नोंदवलेली आहे का, हेही पाहून घ्यावे. तयार साच्यांत ती पुष्कळदा इंग्रजीच राहून गेलेली असते.

देवनागरीत वेलांट्या आणि मात्रा वर जातात, उकार खाली येतात. इंग्रजीसाठी ठरवलेले ओळींमधील अंतर त्यामुळे अपुरे पडते आणि एका ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडतो. अक्षराच्या आकाराच्या दीडपट किंवा थोडे अधिक अंतर ठेवले की वाचन सुटसुटीत होते. रंगाबाबत वाद घालण्यापेक्षा मोजमाप करावे: वेबच्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांनुसार साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा उठाव किमान ४.५ : १ असावा लागतो, आणि तो मोजणारी साधने फुकट मिळतात. पिवळ्यावर पांढरी अक्षरे या मापात बसत नाहीत. सरकणारी सूचनापट्टी काढून टाकावी. सावकाश वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोरून ती निघून जाते. स्नेहसंमेलनाची छायाचित्रे फोनमधून जशीच्या तशी चढवली तर एकेक कित्येक एमबीचे असते. आकार कमी करून दोनेकशे केबीपर्यंत आणल्यास फोनच्या पडद्यावर फरक जाणवत नाही.

छायाचित्रांविषयी आणखी एक बाब गंभीरपणे घ्यायला हवी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक मानली आहे आणि तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळता येणारी संमती अपेक्षित आहे. फोटोखाली मुलाचे पूर्ण नाव, इयत्ता आणि तुकडी देणे हा कौतुकाचा भाग वाटतो, पण ती माहिती कोणापर्यंत पोहोचेल यावर नंतर शाळेचा ताबा राहत नाही.

तंत्रज्ञाचा सल्ला या सगळ्यानंतर घ्यावा. त्याच्यापुढे लिपिकाची यादी, पाच पालकांच्या चाचणीची टिपणे, हाताशी असलेले पैसे आणि रोजची सूचना कोण चढवणार त्या व्यक्तीची सवय, इतके ठेवले की त्याचे उत्तर कामाचे निघते. काही न विचारता “सगळे नव्याने करू” म्हणणाऱ्याबद्दल सावध राहावे. मजकुराचा क्रम बदलून आणि जुनी पाने काढून निम्मे काम होते. डोमेन शाळेच्या नावावर नोंदलेले आहे का आणि नूतनीकरणाची सूचना कोणाच्या ईमेलवर जाते, हे लेखी मागून घ्यावे. ते एखाद्या ठेकेदाराच्या किंवा बदली झालेल्या शिक्षकाच्या खात्यावर असेल, तर एका चुकलेल्या तारखेने शाळेचा पत्ताच हातातून जातो. पत्त्याआधी कुलपाचे चिन्ह किंवा सुरक्षित जोडणीची खूण नसेल तर तेही त्याच भेटीत सांगावे. त्याचे प्रमाणपत्र विनामूल्य मिळते.

दुरुस्ती झाल्यावर त्याच पाचांपैकी दोघांना आणि तीन नव्या पालकांना पुन्हा तीच कामे द्यावीत. लिपिकाची वही जूनमध्ये, प्रवेशाच्या गर्दीत, पुन्हा उघडावी आणि कोणत्या प्रश्नापुढच्या रेघा कमी झाल्या ते मोजावे.