सूक्ष्म वस्तूंचें छायाचित्रण

मीठ आपण प्रत्यहीं खातों. परंतु मिठाचा कण कोणत्या आकाराचा असतो, असें कोणीं एकाएकीं विचारल्यास पुष्कळांस उत्तर सुचणार नाहीं. काळ्या कागदावर बारीक मिठाचे चार कण पसरून ते भिंगांतून पाहिले, तर त्यांतील बहुतेक कण म्हणजे इवलेसे घनच आहेत, असें दिसून येतें. जी वस्तु आपण हजार वेळां पाहिली, ती खरोखर एकदांही पाहिली नव्हती, हें अशा वेळीं ध्यानांत येतें. सूक्ष्म वस्तूंचें छायाचित्रण ही अशा खऱ्या पाहण्याचीच विद्या आहे. तिचा थोडासा परिचय आम्ही या लेखांत करून देणार आहों.

साध्या छायाचित्रांत मोठी वस्तु लहान होऊन येते. ज्या चित्रणांत कॅमेऱ्यांतील फिल्मवर अथवा हल्लींच्या संवेदकावर पडणारी प्रतिमा मूळ वस्तूएवढी किंवा तिच्याहून मोठी असते, त्यास मॅक्रो छायाचित्रण म्हणतात. भिंगाचा नियम विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. वस्तु भिंगापासून नाभ्यंतराच्या दुप्पट अंतरावर ठेविली, तर प्रतिमाही दुसऱ्या बाजूस तितक्याच अंतरावर व वस्तूएवढीच पडते. ५० मिलिमीटर नाभ्यंतराचें भिंग घेतलें, तर हीं दोन्ही अंतरें १०० मिलिमीटर होतात. म्हणून असें चित्र घेतांना भिंग कॅमेऱ्यापासून पुढें सरकवावें लागतें. तसें केल्यानें दोन अडचणी उत्पन्न होतात. पहिली ही कीं, प्रकाश दूरवर पसरल्यामुळें प्रतिमा मंद होते आणि चौपट प्रकाश द्यावा लागतो. दुसरी ही कीं, वस्तूचा अगदीं पातळ थर तेवढा स्पष्ट येतो. मुंगीचा डोळा स्पष्ट आला तर तिचे मागचे पाय धूसर राहतात. यास्तव या कलेंत घाई कामाची नाहीं. स्थिर हात व स्थिर मन हीं दोन्ही हवींत.

अशा स्थिर मनाचें एक उत्तम उदाहरण म्हणजे विल्सन बेंटले होय. हा अमेरिकेंतील व्हरमाँट राज्यांत जेरिको या गांवीं १८६५ सालीं एका शेतकऱ्याच्या घरीं जन्मला. त्याचें बरेंचसें शिक्षण आईनेंच घरीं केलें, आणि सूक्ष्मदर्शक यंत्रही तिच्याचमुळें त्याच्या हातीं आलें. त्यांतून तो हिमकण पाही व त्यांचीं चित्रें काढूं जाई. परंतु चित्र पुरें होण्यापूर्वींच हिमकण वितळून जाई. पुढें वडिलांनीं त्यास कॅमेरा घेऊन दिला. तो सूक्ष्मदर्शकास जोडून त्यानें पुष्कळ खटपट केली, व १५ जानेवारी १८८५ रोजीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, त्यास हिमकणाचें पहिलें छायाचित्र साधलें. ऊब न दिलेल्या थंड खोलींत उभें राहावें, काळ्या फळीवर हिम झेलावें, एखादा कण काडीनें उचलून कांचेवर ठेवावा, पिसानें हळूच चेपावा, आणि आपल्या श्वासानें तो वितळूं नये म्हणून श्वासही रोखून धरावा, असा त्याचा क्रम असे. शेती सांभाळून त्यानें आयुष्यांत पांच हजारांहून अधिक हिमकणांचीं छायाचित्रें घेतलीं. त्यांपैकीं दोन हजारांहून अधिक चित्रांचा ग्रंथ, हम्फ्रीज या शास्त्रज्ञाच्या साहाय्यानें, १९३१ सालीं प्रसिद्ध झाला. आणि त्याच वर्षीं डिसेंबरांत बेंटले निवर्तला.

पाण्याचे रेणू गोठतांना षट्कोनी जाळें विणतात, म्हणून हिमकणास सहा बाजू असतात. परंतु त्याच सहा बाजूंतून कधीं तबकडी, कधीं तारका, तर कधीं सुई कां निर्माण व्हावी? याचें उत्तर शोधण्याच्या कामीं जपानांतील होक्काइडो बेटावरील नाकाया या शास्त्रज्ञानें मोठी भर घातली. त्यानें १९३६ सालीं प्रयोगशाळेंत सशाच्या केसावर हिमकण वाढवून दाखविला, आणि हवेंतील उष्णता व आर्द्रता यांवर त्याचा आकार अवलंबून असतो, हें सिद्ध केलें.

बेंटलेच्या कार्यावर एक आक्षेपही घेण्यांत आला, आणि तो विद्यार्थ्यांनीं मुद्दाम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. पार्श्वभाग काळा दिसून हिमकण उठून दिसावा, म्हणून तो चित्राच्या दुसऱ्या प्रतीवरील कणाभोंवतालचा लेप चाकूनें खरवडून काढीत असे. हेलमान या जर्मन हवामानशास्त्रज्ञानें त्यास दोष दिला, कीं यामुळें कणाची खरी कड बदलते. शिवाय निसर्गांत मोडके, वेडेवांकडे हिमकणच फार. बेंटलेनें मात्र बहुधा सुडौल तेवढे निवडले. आमच्या मतें दोघांच्याही म्हणण्यांत तथ्य आहे. बेंटलेच्या श्रमांवांचून हें सौंदर्य लोकांस इतक्या विपुलतेनें दिसलें नसतें. परंतु निवडलेलें सौंदर्य म्हणजे संपूर्ण सत्य नव्हे. हल्लीं चित्र पालटणें बोटाच्या एका स्पर्शाचें काम झालें आहे. म्हणून ही सावधगिरी पूर्वींपेक्षां आज अधिक अगत्याची आहे.

आपल्याकडे बर्फ पडत नाहीं म्हणून कोणीं निराश होऊं नये. याच बेंटलेनें पावसाचे थेंबही मोजले. पसरट भांड्यांत चाळलेल्या पिठाचा इंचभर थर घेऊन तो क्षणभर पावसांत धरी. प्रत्येक थेंबाची पिठांत एक गोळी बने. ती सुकल्यावर तो मोजी, व ठाऊक मापाचे थेंब पिठांत पाडून पडताळा पाही. मोठ्यांत मोठा थेंब सुमारें पाव इंचाचा त्यास आढळला. हा प्रयोग आपल्या ओसरीवर पहिल्याच पावसांत करतां येईल.

अळवावरचें पाणी ही म्हण आपण सर्वच वापरतों. अळूच्या पानावरील थेंब भिंगांतून पाहा. पानावर मेणाचा थर व अतिसूक्ष्म उंचवटे असतात. थेंब त्यांच्या टोंकांवर टेंकतो, खालीं हवा कोंडली जाते, आणि म्हणूनच तो रुप्यासारखा चकाकतो व पान न भिजवितां घरंगळून जातो.

आतां कांहीं सूचना. मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढें साधें भिंग धरिलें तरी आरंभास पुरे. खिडकींतील सौम्य उजेड घ्यावा. हात कशावर तरी टेंकवावा. वस्तूच्या शेजारीं मिलिमीटरच्या खुणांची पट्टी ठेवून एक चित्र अवश्य घ्यावें. त्यावांचून आकाराचा अंदाज येत नाहीं. दिवस, वेळ व स्थळ वहींत टिपावें. बिघडलेलीं चित्रेंही लगेच पुसून टाकूं नयेत. किडा हालूं नये म्हणून त्यास टोंचणें किंवा बधिर करणें सर्वथा वर्ज्य समजावें. पहांटेच्या गारव्यांत कीटक आपण होऊनच मंद असतात, तेव्हां त्यांच्यासाठीं आपणच लवकर उठावें.

पालकांसही आमची एक विनंती आहे. मूल अंगणांत ओणवें होऊन मुंग्या पाहत बसलें, तर तें वेळ दवडीत आहे असें समजूं नये. बेंटलेच्या आईनें मुलाच्या हातीं एक यंत्र दिलें व त्यास पाहूं दिलें. महागडें साधन प्रत्येकाच्या घरीं येईलच असें नाहीं. पण भिंग, काळा कागद आणि थोडी मोकळीक यांस फारसें द्रव्य लागत नाहीं. मुलानें आज मिठाचा कण नीट पाहिला, तर उद्यां तें दुसऱ्याचें म्हणणेंही नीट पारखून घेईल, अशी आमची खात्री आहे.